चूल, कोयता आणि दारिद्र्यरेषा

वि. म. दांडेकर हे नाव तुम्ही ऐकलं असेलच असं नाही. पण रेशनकार्डाचा रंग, उत्पन्नाचा दाखला, फीमाफीचा अर्ज, ‘बीपीएल’ची यादी यांतल्या एखाद्या कागदाशी तुमच्या घराचा संबंध आला असेल, तर दांडेकरांशीही आला आहे. माणसाला जगायला किमान किती लागतं, त्याचे रुपये किती होतात आणि देशातल्या किती लोकांकडे तेवढेही नाहीत, हा हिशेब भारतात सगळ्यांच्या तोंडी आणला तो पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या दोघांनी. एक दांडेकर, दुसरे नीळकंठ रथ. जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या लागोपाठच्या दोन अंकांत त्यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास आला. दोनच महिन्यांनी देशात ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर निवडणूक झाली.

गेले काही महिने मी हा अभ्यास आणि दांडेकरांचं आधीचं-नंतरचं बरंच लेखन फोनवर पानं मोठी करकरून वाचते आहे. अर्थशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही वाचत राहिले, कारण दांडेकर लिहितात स्वच्छ. आकडा का घेतला, कुठून घेतला, त्यात खोट कुठे आहे, हे ते वाचकापासून लपवत नाहीत. आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. या माणसाने आयुष्यभर वेगवेगळ्या विषयांत एकच प्रश्न सोडवला: मोजायचं एकक कोणतं धरायचं? पीकविमा असो, प्रादेशिक अनुशेष असो, गरिबी असो. एकक बदललं की उत्तर बदलतं, हे त्यांना फार चांगलं ठाऊक होतं. आणि तरी एक एकक त्यांनी कधी फोडून पाहिलं नाही. ते म्हणजे कुटुंब.

ते फोडायचं काम त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच घरातली दुसरी संशोधक करत होती. कुमुदिनी दांडेकर. दारिद्र्यरेषेवरच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच येतं, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आधी १९७१ च्या अभ्यासाचं श्रेय. त्यापूर्वी, १९६२ साली, एका कार्यगटाने दरडोई दरमहा २० रुपये हा किमान खर्च ठरवला होता. त्यामागचं गणित लोकांसमोर नीटसं आलं नव्हतं. दांडेकर-रथांनी सुरुवात अन्नापासून केली. माणशी रोज २२५० कॅलरी. मग राष्ट्रीय नमुना पाहणीत कोणत्या खर्चगटातल्या कुटुंबांना एवढं अन्न मिळतं ते पाहिलं. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात वर्षाला दरडोई १८० रुपये आणि शहरात २७० रुपये असा आकडा आला. म्हणजे महिन्याला १५ रुपये आणि साडेबावीस रुपये. या मापाने खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक खाली होते.

नुसता आकडा काढून ते थांबले असते, तर आज कुणी त्यांची आठवण काढली नसती. दुसऱ्या भागात त्यांनी विचारलं, मग करायचं काय? जमिनीचं फेरवाटप करून प्रश्न सुटेल, असं तेव्हा डावीकडचे बहुतेक लोक म्हणत होते. यांनी सरळ सांगितलं, सुटणार नाही. माणसं फार आणि जमीन थोडी. जमिनीच्या तुकड्यावर ज्यांचं भागणार नाही त्यांना सरकारने काम द्यावं, कामाची किमान मजुरी द्यावी आणि त्याचा खर्च खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनी सोसावा. आज तुमच्या पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना? तो व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. विदर्भातल्या किंवा माणदेशातल्या नाला-बंडिंगचा खर्च ठाण्या-मुंबईच्या नोकरदाराने थोडाथोडा भरायचा. फेब्रुवारीत ३०० का कापतात, यावर ऑफिसात विनोद होतात. ते पैसे मुळात कशासाठी कापायला लागले, हे मला तरी कुठल्याही एचआरने कधी सांगितलेलं नाही.

आता खोट कुठे आहे ते पाहू. नमुना पाहणीत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारे लोक. साध्या मराठीत, एक चूल. पाहणी करणारा घरी येतो आणि विचारतो, महिन्यात ज्वारी किती, तांदूळ किती, तेल किती, गूळ किती. चुलीवर काय चढलं ते लिहून घेतो. मग त्याला घरातल्या माणसांच्या संख्येने भागतो. आलेला आकडा ‘दरडोई’.

दरडोई हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात भागाकार आहे हे विसरतो. चुलीवर चढलेलं अन्न डोईगणिक सारखं वाटलं गेलं, असं हा भागाकार धरून चालतो. ज्या घरात पुरुष आणि मुलं आधी जेवतात, सून सगळ्यांत शेवटी बसते आणि कालवण संपलं असेल तर चटणी-भाकरीवर भागवते, त्या घरातही. यात आणखी एक बारकावा आहे आणि तो मला जास्त खटकतो. २२५० सारखी सरासरी काढताना वय आणि लिंग यांनुसार गरजा वेगळ्या धरतात. बाईची गरज पुरुषापेक्षा कमी धरतात. म्हणजे भूक किती, हे ठरवताना बाई वेगळी मोजली जाते. खाल्लं किती, हे मोजताना ती चुलीत विरघळून जाते.

तेव्हा माहितीच तशी होती, त्यात दांडेकरांचा काय दोष, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. ताटागणिक अन्न मोजणारी देशव्यापी पाहणी त्यांच्या हाताशी नव्हती. पण आपल्या आकड्यांत काय नाही, हे सांगायला ते एरवी कचरत नसत. पुढे १९८१ च्या सुमारास पां. वा. सुखात्म्यांशी त्यांचा जो वाद झाला, तो वाचण्यासारखा आहे. दोघेही सातारा जिल्ह्यातले, दोघेही संख्याशास्त्र कोळून प्यालेले. सुखात्मे म्हणत, एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, शरीर जुळवून घेतं. म्हणून सरासरीखाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी म्हणू नका. दांडेकर म्हणत, गरिबी आणि कुपोषण यांची गल्लत करू नका. गरिबीची रेषा हा खर्चाचा प्रश्न आहे. वाद टोकदार होता, दोन्हीकडे मुद्दे होते. शरीर किती अन्नावर तग धरतं, यावर पानंच्या पानं खर्ची पडली. ते शरीर कुणाचं, हा प्रश्न मात्र या वादाच्या मध्यभागी आला नाही. ‘शरीर जुळवून घेतं’ हे वाक्य वाचताना मला सारखी घरातली शेवटी जेवणारी बाई दिसत होती.

हे सगळं जुनं झालं, आता काय त्याचं, असं वाटत असेल तर आमच्या खोपटचं एक उदाहरण सांगते. आमच्या शेजारच्या काकू पाचपाखाडीतल्या एका टॉवरमध्ये चार घरची कामं करतात. जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज निघाले तेव्हा त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचं लिहायचं होतं. तिथे त्या थांबल्या.

“अगं, कुटुंबाचं म्हणजे कुणाचं?”

प्रश्न भाबडा नव्हता. योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. काकूंचं नाव ज्या रेशनकार्डावर आहे ते शहापूर तालुक्यातल्या गावचं, त्यावर सासू-सासरे, दीर, जाऊ. चूल मात्र खोपटला, त्यांची आणि दोन मुलांची. नवरा भिवंडीच्या एका गोदामात कामाला. महिन्यातून दोनदा येतो, द्यावंसं वाटलं तर पैसे देतो. तीन व्याख्या, तीन कुटुंबं, आणि प्रत्येकात काकूंचा ‘दरडोई’ वेगळा. नवऱ्याचा पगार धरला की त्या वर जातात. हातात येतात ते पैसे धरले की खाली.

आवणीच्या दिवसांत त्या टॉवरमधली कामं कुणाला तरी बदली देतात, खोपटच्या स्टँडवरून एसटी पकडतात आणि गावी जातात. आठ-दहा दिवस चिखलात वाकून भात लावतात. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. त्या दिवसांची मजुरी त्यांना कुणी देत नाही. घरच्याच शेतावर कसली मजुरी? दांडेकर-रथांच्या रेषा दोन, एक ग्रामीण आणि एक शहरी, आणि काकू वर्षातून काही दिवस एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. जिथे त्या शेतकरी आहेत तिथे त्या मोजणीत सासऱ्यांच्या घरातलं एक डोकं आहेत.

एक बाब मात्र त्यांच्या लक्षात आली होती, आणि तीही त्यांनीच बोलून दाखवली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे. कंडक्टर नवऱ्याचा पगार विचारत नाही. बाई चढली की अर्ध तिकीट. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लाडकी बहीण या सगळ्यांत सरकार आधी घर मोजतं आणि मग बाईकडे वळतं. एसटीत थेट बाईच मोजली जाते. ही सवलत योग्य की अयोग्य, त्याने महामंडळाचं काय होईल, हा वेगळा वाद आहे. मी फक्त एककाबद्दल बोलते आहे.

महाराष्ट्राच्या शेतीत कुटुंब हेच एकक धरण्याची सगळ्यात उघडीवाघडी रीत म्हणजे ऊसतोडीतला ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. बाई तोडलेल्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते, रात्री पालावर येऊन भाकऱ्या थापते, पहाटे पुन्हा फडात. हिशेबात ती कोयत्याचा अर्धा भाग, आणि पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या प्रकरणावर सरकारने समिती नेमली. पाहणीतल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीमुळे खाडा झाला की दंड कोयत्याला बसतो. शरीर एकीचं, तोटा दोघांचा आणि कर्ज घराचं. दांडेकरांच्या ‘दरडोई’त आणि मुकादमाच्या कोयत्यात हेतूचं अंतर जमीन-अस्मानाचं आहे. भागाकार मात्र एकच.

आणि म्हणूनच, एककाबद्दल इतका जागरूक माणूस इथे का थांबला, हा प्रश्न मला सोडवत नाही. पीकविम्याचं उदाहरण घ्या. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजायला गेलं तर योजना कोसळते, म्हणून एकसारखी शेती असलेला प्रदेश हेच एकक धरा, हे दांडेकरांनी १९७० च्या दशकात मांडलं. १९७९ पासून जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनने त्या धर्तीवर प्रायोगिक योजना चालवली. आज आपल्याकडे महसूल मंडळाच्या उंबरठा उत्पन्नावरून विमा ठरतो आणि त्यावरून दरवर्षी आरडाओरडा होतो, त्याचं मूळ तिथे आहे. मग १९८३ ची सत्यशोधन समिती. महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब करायला बसले तेव्हा त्यांनी जिल्हा हे एकक धरलं, राज्याच्या सरासरीशी प्रत्येक जिल्ह्याची तुलना केली आणि सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. विदर्भातून त्यावर टीका झाली ती याच मुद्द्यावर: विभाग हे एकक का नाही? म्हणजे एकक निवडणं ही राजकीय गोष्ट आहे, हे त्यांनी स्वतः अंगावर झेललं होतं.

माझा अंदाज असा की कुटुंब न फोडणं हा विसर नव्हता. तो त्यांच्या सिद्धांताचाच भाग होता. १९६२ साली ‘ऑक्सफर्ड इकॉनॉमिक पेपर्स’मध्ये आलेला त्यांचा शेतीसुधारणेवरचा निबंध वाचा. प्रश्न असा आहे: जिथे माणसं जास्त आणि जमीन कमी, तिथे एकेका जादा माणसाच्या श्रमाने शेतात जी भर पडते ती त्याच्या पोटापुरतीही नसते. नफ्यावर चालणारा मालक अशा माणसाला कामावर ठेवणार नाही. घरची शेती ठेवते, कारण घर मजुरी देत नाही, घर वाटून खातं. या वाटून खाण्यावर कोट्यवधी माणसं जगत होती, हे दांडेकरांना दिसत होतं. कुटुंबाबद्दल ते हळवे अजिबात नव्हते. पण गरिबाला बाजारापासून वाचवणारी शेवटची जागा म्हणून कुटुंब त्यांच्या मांडणीत उभं आहे. आणि जी वस्तू आधार म्हणून वापरली तिच्या आत डोकावायची वेळ त्यांच्यावर आली नाही. घर वाटून खातं हे खरं. वाढप कोण करतं, कष्ट कोण करतं आणि शेवटी पातेलं कोण खरवडतं, हे त्या निबंधात नाही. घरची शेती तगते ती काकूंसारख्यांच्या आवणीच्या आठ-दहा दिवसांवर, ज्यांची मजुरी कुणाच्याच खात्यात नोंदली जात नाही.

कुमुदिनी दांडेकरांचा रस्ता वेगळा. त्या लोकसंख्याशास्त्रज्ञ. पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी त्यांनी आणि वि. म. दांडेकरांनी मिळून केली होती, ती १९५३ साली गोखले इन्स्टिट्यूटने छापली. जन्म आणि मृत्यू मोजणाऱ्याला कुटुंब हे एकक पुरत नाही. कुटुंब मरत नाही, माणूस मरतो, आणि तो स्त्री की पुरुष हे पहिल्याच रकान्यात लिहावं लागतं. १९७५ साली त्यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक प्रश्न विचारला: भारताच्या लोकसंख्येतलं स्त्रियांचं प्रमाण का घटत चाललं आहे? १९०१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३०. गर्भलिंगनिदानाचं यंत्र गावोगाव पोचायच्या कितीतरी आधीचे हे आकडे आहेत. दारिद्र्यरेषेच्या अभ्यासाला तेव्हा चारच वर्षं झाली होती. एकाच घरातल्या दोन टेबलांवर दोन आकडे, आणि एकाला दुसऱ्याची कडी लावायला कुणी गेलं नाही. रेषेवर चर्चा करणाऱ्या मराठी लेखांनी तर नाहीच.

ती कडी लागली रोजगार हमीत. योजनेचं बीज वि. स. पाग्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात लावलं होतं, पण ती राज्यभर उभी राहिली १९७२ च्या दुष्काळात. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडणाऱ्या बायकांचे तेव्हाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला काम. दिवसांना वरची मर्यादा नाही. दारिद्र्यरेषेचा दाखला नाही, कुटुंबाच्या उत्पन्नाचा प्रश्न नाही. जो ऊन्हात माती उपसायला तयार आहे त्याला गरज आहे, असं हा कायदा धरून चालतो. आणि मजुरीचा दर कामाच्या मापावर. बाई म्हणून कमी नाही.

कुमुदिनीबाईंनी मंजू साठे यांच्याबरोबर १९८० मध्ये या योजनेवर लेख लिहिला आणि १९८३ मध्ये पुस्तक केलं. पुस्तकाच्या नावातच त्यांनी रोजगार हमीला स्त्रियांसाठीची संधी म्हटलं. हे नाव आज सौम्य वाटेल. पण तोवर या योजनेबद्दल बोलणारे लोक दुष्काळ, बंधारे, काँग्रेसचं राजकारण यांबद्दल बोलत होते. मस्टरवरच्या नावांकडे पाहून, अरे इथे तर बायका आहेत, असं म्हणायला लोकसंख्या मोजणारी बाईच लागली. बायका का आल्या याची कारणं गूढ नव्हती. काम गावाजवळ होतं, मालकाच्या शेतावर मिळे त्यापेक्षा मजुरी बरी होती, आणि काम मागायला नवऱ्याची सही लागत नव्हती. मला या पुस्तकात थोडी निराशा वाटते ती एवढीच की मस्टरपासून पुढे, म्हणजे मजुरी हातात आल्यावर घरात काय झालं, तिकडे ते फारसं जात नाही. जोडीने माती काढणाऱ्यांत खणणारा नवरा आणि पाटी वाहणारी बायको असते. माप एकत्र होतं. तिथे कोयता पुन्हा डोकं वर काढतो.

आता जमीन. ‘फेरवाटपाने प्रश्न सुटणार नाही’ हे दांडेकर-रथांचं वाक्य लिहिलं गेलं तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाणारं वाटप. घरातल्या घरात, नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या नावावर, हे वाटप कुणाच्या हिशेबात नव्हतं. ते महाराष्ट्रात पुढे आणलं शेतकरी संघटनेने. नोव्हेंबर १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांनी शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ सुरू केली: ज्या गावात १०० पुरुष बायकोच्या नावावर जमीन करतील ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. बाजाराचं गुणगान करणारा हा नेता या एका बाबतीत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे होता, हे कबूल करायला मला थोडं जड जातं, पण ते खरं आहे.

याच सुमारास बिना अगरवाल हीच गोष्ट सगळ्या दक्षिण आशियासाठी मांडत होत्या. त्यांचं ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’ १९९४ मध्ये आलं. घर हे एकमताने चालणारं एकक नाही, तिथे रोज घासाघीस चालते, आणि त्या घासाघिशीत बाईच्या नावावर जमीन असेल तर तिचं पारडं जड होतं, हा त्यांचा मुद्दा. पुढे प्रदीप पांडांबरोबर केरळात केलेल्या पाहणीत त्यांनी याला आकडे जोडले: ना घर ना जमीन अशा बायकांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसलेली होती, घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत ७ टक्के. २०२१ च्या आणखी एका अभ्यासात, नऊ राज्यांतल्या गावांच्या माहितीवरून, जमीनमालकांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के निघाल्या आणि त्यांच्याकडे ११ टक्के जमीन.

अगरवाल वाचल्यावर दांडेकर जुनाट वाटायला लागतात. मला मात्र तसं पूर्ण वाटत नाही. शहापूर तालुक्यातल्या दोन एकर भाताच्या खाचरात काकूंचं नाव लागलं, तर घरात त्यांचं वजन वाढेल. त्या दोन एकरांत दोन कुटुंबांचं वर्ष निघणार नाही, हे दांडेकरांचं गणित तरीही खोटं ठरत नाही. अगरवालांना हे माहीत आहे. म्हणून त्यांचा नंतरचा बराचसा अभ्यास केरळ आणि तेलंगणातल्या बायकांच्या गटशेतीवर आहे. पण नाव लागण्याचा आणखी एक साधा फायदा आहे, ज्याकडे गरिबीचे अभ्यासक कमी पाहतात. आपल्याकडे शेतकरी कोण, हे सातबारा ठरवतो. विमा त्यावर, पीककर्ज त्यावर. आत्महत्या केलेली बाई ‘शेतकरी’ होती की नाही, हेसुद्धा बऱ्याचदा त्या कागदावरून ठरतं.

१९७७ च्या कायद्यात महाराष्ट्राने माणूस हे एकक धरलं होतं. २००५ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी कायदा झाला, आणि महाराष्ट्राची योजना देशाने उचलली म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. त्या कायद्यात हमी होती वर्षाला १०० दिवसांची, आणि ती प्रत्येक कुटुंबाला. लाभार्थ्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात ही अट त्यात होती, ती चांगलीच. पण कुटुंबाची व्याख्या वाचा: रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने नातं असलेले, एरवी एकत्र राहणारे आणि एकत्र जेवणारे, किंवा एका रेशनकार्डावर असलेले लोक. पुन्हा चूल. महाराष्ट्रात १०० दिवसांपुढच्या कामाचा खर्च राज्याने उचलायची सोय होती, ती जुन्या कायद्याची राहिलेली खूण.

काकूंचं नाव गावच्या जॉबकार्डावर आहे, रेशनकार्डावर आहे तसंच, सासऱ्यांच्या घराबरोबर. कार्डावरचे दिवस दीर आणि जाऊ भरतात. तुम्ही का मागत नाही काम, असं मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “पाचपाखाडीची घरं सुटली तर परत मिळतील का?”